ट्रान्सप्लांटनंतरचा लग्नासहलींचा हंगाम: आमच्या घरी तो कसा आखतो

माझ्या नवऱ्याच्या पोटात त्याच्या आईची किडनी आहे. ट्रान्सप्लांट करताना जुन्या किडन्या सहसा काढत नाहीत. नवीन किडनी खाली, ओटीपोटात एका बाजूला बसवतात. त्यामुळे आमच्या घरी हिशेब असा, की सासूबाईंकडे एक आणि त्यांच्या मुलाकडे तीन. "तीन घेऊन बसलाय, पण पाणी प्यायची आठवण मीच करायची," हे त्या आल्या-गेल्याला ऐकवतात.

शाळेला सुट्ट्या लागल्या की आमचं घर जागेवर नसतं. मुलीच्या पोहण्याच्या स्पर्धा, मुलाचं शिबिर, नात्यातली लग्नं, जमलं तर एखादी लांबची सहल. ट्रान्सप्लांट झालेल्यांनी काय काय टाळावं याच्या याद्या भरपूर मिळतात. त्या शब्दशः पाळायच्या तर माणसाला घरीच बसवून ठेवणं सगळ्यात सोपं, आणि कितीतरी घरांत तेच होतं. मला ते पटत नाही. घरीच बसायचं असतं तर एवढा खटाटोप कशासाठी केला? त्याला सगळीकडे नेता येतं. फक्त आखणी उलटीकडून करावी लागते: आधी रक्ततपासण्या, मग गोळ्यांच्या वेळा, मग विश्रांतीचे दिवस, आणि उरलेल्या जागेत कार्यक्रम.

मी लिहितेय ते मुख्यतः किडनीबद्दल. लिव्हर, हृदय किंवा फुप्फुसाचे नियम काही बाबतीत वेगळे असतात, आणि तुमच्या ट्रान्सप्लांट टीमने सांगितलेलं यातल्या कशाच्याही वर.

कॅलेंडरवर पहिली तारीख तपासणीची

टॅक्रोलिमस म्हणजे शरीराने नवीन किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. त्याची लेव्हल, म्हणजे रक्तातलं प्रमाण, सकाळचा डोस घ्यायच्या आधी मोजतात. बारा तासांनी घ्यायची गोळी असेल तर आदल्या रात्रीच्या डोसला साधारण बारा तास झालेले असले पाहिजेत. म्हणजे रात्री नऊची गोळी लग्नाच्या गडबडीत साडेअकराला घेतली आणि सकाळी नऊला रक्त दिलं, तर तो आकडा फसवा येणार आणि डॉक्टर त्यावरून डोस बदलणार. म्हणून तपासणीच्या आदल्या रात्री आम्ही कुठलाच कार्यक्रम ठेवत नाही. सकाळची गोळी घरी न घेता खिशात टाकून लॅबमध्ये न्यायची आणि रक्त दिलं की तिथेच घ्यायची. सवयीने घरीच गिळली तर फेरी फुकट.

लांबच्या प्रवासाआधीची तपासणी निघायच्या आदल्या दिवशी करू नका. निदान दोन आठवडे आधी करा. डोस बदलला तर काही दिवसांनी पुन्हा लेव्हल बघावी लागते, आणि ती बघायला तुम्ही घरी असलेलं बरं. क्रिएटिनिन (किडनी कसं काम करतेय ते सांगणारा रक्तातला आकडा) थोडं जरी वर सरकलं असेल तरी त्याचं कारण सापडेपर्यंत बॅगा भरायच्या नाहीत, हे आमच्याकडे वादाबाहेरचं आहे. परत आल्यावरच्या आठवड्यातही एक तपासणी ठेवायची. तिची वेळ निघण्याआधीच घेऊन टाका. परतल्यावर कपड्यांचे ढीग आणि शाळेची तयारी यांत ती हमखास मागे पडते.

ट्रान्सप्लांटनंतरचं पहिलं वर्ष लांबच्या प्रवासाचं नाही. सुरुवातीच्या महिन्यांत प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सगळ्यात जास्त मात्रेत असतात. मधे रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवीन किडनी परकी मानून तिच्यावर हल्ला करणं, होऊन उपचार घ्यावे लागले असतील तर मात्रा पुन्हा वाढलेली असते, तेव्हाही जपण्याचे दिवस नव्याने सुरू झाले असंच धरायचं. पहिल्या वर्षी आम्ही फक्त अशा ठिकाणी गेलो, जिथून त्याच दिवशी आमच्या हॉस्पिटलला पोचता आलं असतं. नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली. करू दिली.

लशींचं बघायला वेळ लागतो

परदेशी जायचं असेल तर तिकिटं काढण्याआधी टीमशी बोला. जिवंत जंतूंच्या लशी यांना चालत नाहीत: गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर (डासांतून पसरणारा यलो फीव्हर), तोंडावाटे घ्यायची टायफॉइडची लस, नाकात फवारायची फ्लूची लस. टोचायची फ्लूची लस मात्र दरवर्षी घ्यायची. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांत पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो. वैद्यकीय कारणाने ती देता येत नाही अशी चिठ्ठी डॉक्टर देऊ शकतात, पण चिठ्ठी बघून डास थांबत नाही. जिथे तो आजार खरोखर आहे तिथे जाण्यापेक्षा दुसरा देश निवडा. जगात देश पुष्कळ आहेत.

घरातल्या बाकीच्यांच्या लशी तितक्याच महत्त्वाच्या. मुलांना गोवराची आणि कांजिण्यांची लस खुशाल द्यावी, त्यातच घरच्या रुग्णाचं संरक्षण आहे. कांजिण्यांच्या लशीनंतर मुलाच्या अंगावर पुरळ उठलं तर ते जाईपर्यंत अंतर ठेवायचं. नात्यात तान्हं बाळ असेल आणि त्याला रोटाव्हायरसची किंवा तोंडावाटे पोलिओची लस नुकतीच दिली असेल, तर लशीतला विषाणू काही आठवडे बाळाच्या शीमधून बाहेर पडतो. बाळाला खेळवायला हरकत नाही, दुपटं बदलणं दुसऱ्याने करावं. माझ्या नवऱ्याने ही सूट फार आनंदाने स्वीकारली.

गोळ्या: घड्याळ, दोन बॅगा, एक कागद

गोळ्या हातातल्या बॅगेत. सामानाच्या बॅगेत अजिबात नाहीत, कारण ती हरवू शकते. आम्ही सहलीच्या दिवसांच्या दुप्पट गोळ्या नेतो आणि त्या दोघांच्या बॅगांत वाटून ठेवतो. रोजच्या डबीत काढून ठेवलेल्या वेगळ्या, पण बाकीच्या मूळ पाकिटातच राहू द्या. सोबत डॉक्टरांचं पत्र हवं. त्यात कुठला अवयव, कधी बसवला, गोळ्यांची ब्रँडची आणि मूळ अशी दोन्ही नावं, मात्रा, शेवटचं क्रिएटिनिन, कसली अ‍ॅलर्जी, आणि टीमचा चोवीस तासांचा फोन. मूळ नाव यासाठी, की दुसऱ्या देशात ब्रँडचं नाव कोणी ओळखत नाही. ब्रँड स्वतःच्या मनाने बदलायचा नाही, बदलावा लागलाच तर लेव्हल तपासावी लागते. दिवसातून एकदा घ्यायचं टॅक्रोलिमस आणि दोनदा घ्यायचं टॅक्रोलिमस ही तर एकमेकांच्या जागी चालणारी औषधंच नव्हेत. उन्हात उभ्या गाडीत गोळ्या ठेवू नका.

घड्याळाच्या वेळा बदलणार असतील तर टीमच्या कोऑर्डिनेटरकडून तासावार लिहून घ्या. थोड्या दिवसांचा प्रवास आणि दोन-तीन तासांचा फरक असेल तर घरच्याच वेळेला गोळी घेतलेली सोपी पडते. फरक मोठा असेल तर वेळ कशी सरकवायची ते टीम सांगते. विमानात अर्धवट झोपेत हिशेब करण्याची ही गोष्ट नव्हे. आणि डोस राहिला म्हणून पुढच्या वेळी दुप्पट घ्यायचा नाही, कधीच. फोनवर दोन गजर आहेत, एक त्याच्या आणि एक माझ्या. भर मांडवात दोन्ही एकदम वाजतात, लोक बघतात, बघू देत.

प्रवासात गोळ्यांचा खरा शत्रू असतो प्रेमळ नातेवाईक. पाठ दुखतेय म्हटलं की कोणीतरी पर्समधून आयब्युप्रोफेन नाहीतर डायक्लोफिनॅक काढतं. या गोळ्या किडनीला त्रास देतात, टॅक्रोलिमससोबत जास्तच. पॅरासिटॅमॉल चालतं, पण आधी ताप मोजून, कारण गोळीने ताप झाकला जातो आणि मग खरं काय ते कळत नाही. दुसरं कोणी प्रतिकारशक्ती वाढवणारं चूर्ण घेऊन येतं. आम्ही इतके कष्ट घेऊन जी शक्ती खाली दाबून ठेवलीय ती वाढवायला! हसून घ्यायचं आणि बाजूला ठेवायचं.

बाहेरगावच्या डॉक्टरकडे जावं लागलंच तर प्रिस्क्रिप्शन लिहायच्या आधी त्यांच्यापुढे पत्र ठेवा. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स, फ्लुकोनॅझोलसारखी बुरशीवरची औषधं यांनी टॅक्रोलिमसची लेव्हल वर जाते. टीबीवरच्या रिफाम्पिसिनने ती खाली येते. ग्रेपफ्रूट आणि पपनसानेही लेव्हल चढते, म्हणून मिश्र फळांचा रस पिण्याआधी त्यात काय आहे ते विचारायचं. जुलाब लागले तर औषध वाहून गेलं असेल असं वाटतं, पण टॅक्रोलिमसच्या बाबतीत उलटं होतं, जुलाबात लेव्हल बऱ्याचदा वाढते. त्यातच अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. ही जोडी किडनीला वाईट. त्यामुळे जुलाब दिवसभरात थांबले नाहीत, किंवा गोळी घेतल्याबरोबर उलटी झाली, तर टीमला फोन करायचा आणि ते सांगतील तसंच करायचं.

मांडवात

जेवायला पहिल्या पंगतीत. यात हावरेपणा नाही: अन्न ताजं, वाफाळतं असतं ती वेळ हीच. शिजवलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या खाली आलं की जंतू वाढायला लागतात, आणि दोन तासांहून जास्त वेळ तसंच उघड्यावर राहिलेलं अन्न आम्ही सोडून देतो, कितीही आग्रह झाला तरी. कच्ची मोडाची कडधान्यं, कच्चं किंवा अर्धकच्चं अंडं-मांस-मासे, न तापवलेलं दूध आणि त्याचं चीज, आधी चिरून ठेवलेली फळं, कुठल्या पाण्याचा ते माहीत नसलेला बर्फ, हे सगळं बाद. सोलून खायचं फळ स्वतः सोलून. पाण्याची खात्री नसेल तर सीलबंद बाटली, किंवा चांगलं खळखळून एक मिनिट उकळलेलं. २००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं.

कोण आजारी आहे हे निघण्याआधीच विचारा. यजमानांना फोन करून "घरात कोणाला ताप, खोकला, कांजिण्या आहेत का?" असं मी थेट विचारते. सुरुवातीला संकोच वाटायचा. कांजिण्या पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतात, म्हणून कार्यक्रमानंतर कळलं की तिथल्या एका मुलाला उठल्यात, तर लक्षणांची वाट न बघता त्याच दिवशी टीमला फोन. वेळेत कळलं तर त्यांना काही करता येतं. गर्दीच्या बंद सभागृहात मास्क, दाराखिडकीजवळची खुर्ची, आणि हात धुण्यात आळस नाही.

सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती म्हणजे दोन गाड्या. एका गाडीत नवरा आणि सासूबाई, दुसरीत मी आणि मुलं. पहिली गाडी ठरल्या वेळी निघते, सोहळा कितीही रंगलेला असो. आम्ही मागे राहतो. घरच्यांना ती वेळ आधीच सांगून ठेवलेली असते, त्यामुळे "एवढ्यात कुठे निघालात?" हा प्रश्न एकदाच विचारला जातो. एकच गाडी असायची तेव्हा त्याचं दमणं म्हणजे मुलांच्या आनंदावर पाणी, आणि मुलांचं "अजून थोडं" म्हणजे त्याचा थकवा. दोघंही एकमेकांसाठी मन मारायचे. दोन गाड्यांनी तो विषयच संपला. आणि लागोपाठ दोन दिवस दोन कार्यक्रम नाहीत. मधला दिवस मोकळा, त्या दिवशी पाहुणेही नाहीत.

पाणी, ऊन, माती

मुलीच्या स्पर्धा उघड्या तलावावर असतात. क्लोरिन घातलेल्या, नीट राखलेल्या तलावात त्यालाही उतरता येतं, पण जखम पूर्ण भरलेली हवी, अंगात कुठली नळी नको आणि पाणी तोंडात जायला नको. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाब लावणारा परजीवी क्लोरिनमध्येही कित्येक दिवस तगतो. तळी, डबकी आणि गरम पाण्याचे सार्वजनिक टब आम्ही वर्ज्य केलेत.

पाण्यापेक्षा काळजी उन्हाची. या औषधांमुळे त्वचेच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा अनेक पटींनी जास्त असतो, आणि अनेकांना सुरुवातीला दिलं जाणारं को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक त्वचा उन्हाला आणखी हळवी करतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, रुंद काठाची टोपी, ३० किंवा त्याहून जास्त एसपीएफचं सनस्क्रीन, दर दोन तासांनी पुन्हा. मी स्पर्धेच्या ठिकाणी अर्धा तास आधी पोचते ते सावलीतल्या जागेसाठीच. वर्षातून एकदा त्वचेच्या डॉक्टरांकडे सर्वांग तपासणी, आणि मधे कुठे न भरणारी जखम किंवा वाढता डाग दिसला तर लगेच.

मुलाच्या शिबिरात पालकांचा एक दिवस असतो, त्यात झाडं लावणं, प्राण्यांना चारा घालणं वगैरे. मातीत बुरशीचे आणि इतर जंतू असतात, म्हणून हातमोजे आणि मास्क. कोरडी माती उडत असेल तर लांबूनच टाळ्या. गंमत अशी, की टॅक्रोलिमस मुळात सापडलं ते मातीतच: १९८४ साली, जपानमधल्या त्सुकुबा भागातल्या मातीतल्या एका जिवाणूमध्ये. ज्या मातीने हे औषध दिलं तिच्यापासूनच त्याला जपायचं. कासवं, सरडे, पक्ष्यांचे पिंजरे, मांजराची शी साफ करणं हे त्याच्या वाट्याचं नाही. वटवाघळं असलेल्या गुहेत तर अजिबात जायचं नाही.

खेळायला बंदी नाही. ट्रान्सप्लांट झालेल्यांच्या जागतिक क्रीडास्पर्धा १९७८ पासून होतायत, पहिली इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला झाली. फक्त नवीन किडनी पुढच्या बाजूला, बरगड्यांच्या आडोशाबाहेर असते, तेव्हा जिथे गुडघा किंवा कोपर पोटात बसू शकतं असे खेळ नकोत. चालणं, सायकल, पोहणं, बॅडमिंटन, सगळं हळूहळू वाढवत. गाडीचा पट्टा लावायचाच. खालचा भाग पोटावरून न घेता नितंबाच्या हाडांवर खाली बसवायचा. हृदय बदललेल्यांनी एक लक्षात ठेवावं: नव्या हृदयाच्या मज्जातंतू तुटलेल्या असतात, त्यामुळे ठोके वाढायलाही वेळ लागतो आणि उतरायलाही. चढणीच्या आधी अंग सावकाश तापवायचं, नंतर सावकाश निववायचं. किती जोर लावायचा ते नाडीवरून ठरवता येत नाही, दम किती लागतोय त्यावरून ठरवायचं.

देणाऱ्याला विसरू नका

सगळ्यांचं लक्ष माझ्या नवऱ्याकडे. सासूबाई त्याच्या बॅगा उचलतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यांनाही पाणी वेळच्या वेळी हवं, त्यांनीही आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या टाळायच्या, त्यांचा रक्तदाब आणि क्रिएटिनिन दरवर्षी बघायचं. १९५४ च्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट झालं, तेव्हा रोनाल्ड हेरिक यांनी आपल्या जुळ्या भावाला, रिचर्डला किडनी दिली. ते पुढे ५६ वर्षं जगले. हे मी सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "जुळा होता, म्हणून त्या भावाला गोळ्या लागल्या नाहीत. माझं नशीब कुठलं." खरं होतं. एकसारखे जुळे असल्यामुळे शरीराने किडनी परकी मानलीच नाही.

ताप आला तर

३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट. एवढा आकडा आला की टीमला फोन. रात्रीचे किती वाजलेत, उद्या घरी लग्न आहे का, हे बघायचं नाही. थर्मामीटर प्रत्येक बॅगेत असतो. प्रतिकारशक्ती दाबायला दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडमुळे ताप पुरता चढत नाही, तेव्हा ताप नसतानाही पुढच्या गोष्टींवर फोन करा: लघवी कमी होणं, किडनीच्या जागी दुखणं, एका दिवसात वजन किलोभराने वाढणं, पायांवर सूज, रक्तदाब नेहमीपेक्षा वर, धाप. आम्ही रोज सकाळी वजन आणि रक्तदाब एका वहीत लिहितो, सहलीतही. त्यामुळे "नेहमीपेक्षा" म्हणजे किती, ते सांगता येतं.

निघण्याआधी शोधून ठेवायचं ते जवळचं हॉस्पिटल नव्हे, ट्रान्सप्लांटचे रुग्ण सांभाळणारं जवळचं हॉस्पिटल. त्याचा पत्ता आणि फोन थोरल्या मुलीच्या फोनमध्येही आहे. प्रवासाचा विमा घेताना ट्रान्सप्लांट झाल्याचं लिहून द्या आणि जुन्या आजारांसाठी काय वगळलंय ते बारीक अक्षरांतलंही वाचा. लपवून घेतलेली पॉलिसी नेमकी गरजेच्या वेळी उपयोगी पडत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या सोबत आणल्या नसल्याचं मुक्कामी पोचल्यावर कळलं तर सहल थांबवून त्या आधी मिळवायच्या. अनेक महिने चालू असलेलं स्टेरॉइड अचानक बंद होणं धोक्याचं असतं.

मलेरिया असलेल्या भागात जाऊन आलात तर परतल्यावरच्या आठवड्यांत, अगदी काही महिन्यांनीसुद्धा ताप आला, तरी डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की आम्ही कुठे जाऊन आलो. त्या भागासाठी दिलेल्या मलेरियाच्या गोळ्या परत आल्यावरही काही दिवस चालू ठेवाव्या लागतात. बॅग उपसताना त्या कपाटात टाकू नका, रोजच्या डबीत भरा.